विश्वेश्वरय्या आणि तुमच्या ओढ्यावरचा मातीचा बांध

१५ सप्टेंबर आला की सरकारी कचेऱ्यांत एका फेटेवाल्या गृहस्थांच्या फोटोला हार पडतो. ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर धरणाशी नाव जोडलेले, १९५५ चे भारतरत्न, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण या माणसाच्या नोकरीची पहिली चोवीस वर्षे आपल्या मुंबई इलाख्यात गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. आणि त्यांची दोन मोठी कामे तर आपल्या चंद्रभागेच्याच वरच्या अंगाला आहेत. खडकवासल्याचे पाणी मुठेतून मुळा-मुठेला आणि तिथून भीमेला येते. नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे पंढरीच्या वाळवंटाला लागणाऱ्या पाण्याशी या माणसाने बराच व्यवहार केलेला आहे.

आज त्यांची आठवण काढायचे कारण वेगळे आहे. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा भागात डाळिंब आणि द्राक्षाच्या पायी शेतोशेती तळी झाली. कोणी खड्डा खणून तळे केले, कोणी भराव घालून पाळ उभी केली, कोणी आपल्याच रानातल्या ओढ्याला आडवा मातीचा बांध घातला. जेसीबी चार दिवस चालला की बांध तयार! तो कसा टिकेल, फुटला तर खाली कोणाची वस्ती आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. साल कोणी १८६० धरतात, कोणी १८६१. वडील लहानपणीच वारले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला बी. ए. केले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. १८८३ साली परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सरकारी बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. सुरुवात नाशिक-खानदेशाकडे झाली. धुळ्याकडे पांझरा नदीतून पाण्याचा सायफन नेण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले, तेही पावसाळ्यात. नदीचे पाणी कागदावरच्या आकड्याला जुमानत नाही, हा धडा त्यांना तिथे पहिल्या वर्षीच मिळाला असणार.

पुढे सक्कर, सुरत करून ते पुण्याला आले. खडकवासल्याचे धरण तेव्हा वीस-पंचवीस वर्षांचे होते. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात टंचाई. धरण उंच करावे तर खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवायची युक्ती काढली. पाणी ठरल्या पातळीपर्यंत आले तोवर दरवाजे बंद. पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडणार, पूर निघून जाणार, पातळी उतरली की पुन्हा बंद. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले. त्यामुळे धरणाला हात न लावता सुमारे आठ फूट जास्त पाणी राहू लागले. त्यांनी पेटंट घेतले, पण सरकारी कामासाठी त्याचा मोबदला घेतला नाही.

आता बघा, हाच मोह आपल्यालाही पडतो. परतीचा पाऊस चांगला झाला, सांडव्यावरून पाणी चालले, डोळ्यादेखत वाया जाते म्हणून जीव तुटतो. मग आपण काय करतो? सांडव्यात मातीची पोती रचतो, दगड लावतो, वर प्लास्टिक टाकतो. फूटभर पाणी वाढते खरे, पण आपली पोती काही आपोआप उघडत नाहीत. रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला तर आलेले पाणी सांडव्याऐवजी बांधाच्या माथ्यावरून जाते. खडकवासल्याची भिंत दगड-चुन्याची होती. माथ्यावरून पाणी गेले तर मातीचा बांध मात्र काही तासांत कापून जातो. कित्येकदा तेवढाही वेळ लागत नाही.

नीरेच्या कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली. उसाला मनमानी पाणी देणाऱ्यांना ती आवडली नाही, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी. १९०८ साली मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेशी गेले. आणि त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. शमशाबादला एका दिवसात बारा इंचांहून जास्त पाऊस पडला होता. सुमारे पंधरा हजार माणसे गेल्याचे सांगतात. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले आणि १९०९ साली ते कामाला लागले.

आपल्या कामाचा भाग इथेच आहे. विश्वेश्वरय्या शहरातल्या पडझडीपाशी थांबले नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला काय घडले याचा त्यांनी हिशोब मांडला. शहराच्या वर मुसीच्या पाणलोटात पावणेआठशेच्या वर तलाव होते, साधारण चौरस मैलाला एक. सगळे मातीच्या पाळीचे, गावोगावचे, पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारे. त्यातले दोनशेहून जास्त तलाव त्या पावसात फुटले. वरचा फुटला की त्याचे सगळे पाणी एकदम खालच्यावर येई. खालच्याचा सांडवा पावसाच्या पाण्यापुरता, त्याला हा लोंढा कसा पेलणार? मग तोही फुटे आणि दोघांचे पाणी तिसऱ्यावर जाई. प्रत्येक तलाव एकेकटा पाहिला तर छोटाच. त्यांच्या सांगण्यावरून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर बांधले गेले.

तुमचे तळे छोटे आहे म्हणता? एक हेक्टरचे, सरासरी तीन मीटर पाणी धरा. ते होते तीन कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन हजार टँकर. बांध फुटून हे पाणी अर्ध्या तासात बाहेर पडले तर सेकंदाला सोळा हजार लिटरच्या वर लोंढा जातो. ओढ्याच्या काठाला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, विहिरी-मोटारी असतात, शाळेच्या पोरांची वाट असते. आणि तुमच्या खाली दुसऱ्या शेतकऱ्याचाही बांध असतो, हे विसरू नका.

सांडवा भरावातून काढायचा नसतो. तो बांधाच्या कडेला, अस्सल कठीण मुरमात किंवा खडकात कोरायचा, आणि बांधाच्या पायथ्यापासून लांब सोडायचा. शंभर हेक्टर पाणलोटावर एका रात्रीत चार इंच पाऊस पडला आणि निम्मे पाणी वाहून आले, तर ते पाच कोटी लिटर होते. वरच्या तीन कोटींच्या तळ्यात ते रिकामे असतानाही मावणार नाही. दर वर्षी नाही पडत एवढा, पण ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या तालुक्याने काय पाहिले ते आठवा.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्याकडे काळी माती मुबलक, म्हणून सगळा बांध काळ्या मातीचाच करतात. ती पाणी धरते हे खरे, पण उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात आणि भिजली की घसरते. शेजारच्या मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव दुष्काळानंतर इंग्रज इंजिनिअरांनी बांधला, त्याचाही भराव पुढे घसरला आणि तो दुरुस्त करावा लागला. म्हणून काळी माती पोटात ठेवायची आणि दोन्ही अंगांनी मुरमाचे कवच द्यायचे. भराव थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून करायचा. जेसीबीने नुसता ढीग ओतला तर तो बसतो, खचतो आणि बरोबर मधोमध माथा खाली जातो.

बांधातून आरपार पाइप टाकणाऱ्यांनी १२ जुलै १९६१ विसरू नये. त्या दिवशी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाणी सोडायच्या मोरीचे काम अर्धवट असताना धरणात पाणी भरले, मोरीवरचा भराव खचला आणि तिथूनच घात झाला. त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फोडले. वरचा फुटला की खालचा, हा हैदराबादचाच प्रकार पुण्याला झाला. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात, बंगळूरला हयात होते. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. पानशेतचे एवढे मोठे काम, तरी जागा दगा देणारी तीच निघाली. पाइपाच्या बाहेरून पाणी वाट काढते. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा, पण गढूळ पाणी येऊ लागले तर आतून माती वाहून चालली आहे असे समजा. मग तळे उतरवायचे आणि ओढ्याकाठच्यांना उठवायचे. रात्र असली तरी.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचे मातीचे धरण फुटले आणि जवळपास वीस माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. ते तर सरकारी धरण. २०२१ साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला, पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही मोठ्यांना. तुमचा चार-सहा मीटरचा बांध त्यात बसत नाही. तो तपासायला त्या कायद्याने कोणी इंजिनिअर येणार नाही. तलाठी येईल तो पंचनाम्याला.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एक विनंती. गावाच्या नकाशावर ओढ्यावरचे खाजगी बांध वरपासून खालपर्यंत क्रमाने मांडून ठेवा, मालकाचा फोन आणि खालच्या वस्तीचा फोन शेजारी लिहा. विश्वेश्वरय्यांनी मुसीवर पूर येऊन गेल्यावर मोजणी केली, आपल्याला ती आधी करता येते. मृग निघायच्या आत मालकाने सांडव्यातली बाभळ, घाणेरी आणि पोती काढावीत, बांधावरची मोठी होऊ पाहणारी झाडे तोडावीत, उंदीर-खेकड्यांची बिळे माती ठोकून बुजवावीत, आणि माथा कुठे खचला असेल तर पहिला भराव तिथे टाकावा.