मानमोडीचा माग काढणारे रिचर्ड शोप

१९१८ साली मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्राने मानमोडी हे नाव दिले. एक कोटीहून अधिक भारतीय तिला बळी पडले. सांगलीत, विश्रामबागेत एखाद्याने आजी-पणजीकडून हे नाव ऐकलेही असेल. पण या साथीचा माग डुकरांच्या कळपांतून काढणारे रिचर्ड शोप मात्र आपल्याकडे शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर अपरिचितच राहिले.

अमेरिकेतील आयोवा राज्यात २५ डिसेंबर १९०१ रोजी जन्मलेले शोप डॉक्टरांचे पुत्र आणि स्वतःही डॉक्टर. प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेतून ते १९२८ मध्ये डुकरांच्या एका वेगळ्याच रोगाच्या अभ्यासासाठी आयोवात गेले, तो तेथील कळप तापाने व खोकल्याने बेजार झालेले. हा माणसांचाच इन्फ्लुएंझा आहे, असे कोएन या पशुवैद्याने मानमोडीच्या काळातच सांगितले होते. डुकरांच्या व्यापारावर जगणाऱ्यांना ते रुचले नव्हते, हे सांगणे न लगे.

शोप यांनी आजारी डुकरांचा स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवाने डुकरांना सौम्य आजार झाला. त्यात एक जिवाणू मिसळताच तो तीव्र झाला. विषाणू सापडला होता. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू लंडनमध्ये हाती लागला तो १९३३ मध्ये. पुढचा प्रयोग तर अधिकच मार्मिक. डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये प्रौढांच्या रक्तात आढळली, साथीनंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात नाहीत. मानमोडीचा विषाणू डुकरांत जिवंत राहिला आहे, असा निष्कर्ष शोप यांनी काढला.

त्यांचे सारेच तर्क टिकले नाहीत. दोन साथींमधल्या काळात हा विषाणू गांडुळांतून वावरणाऱ्या फुप्फुसकृमीत दडतो, हे त्यांचे मत मागे पडले. पण ससेगाठींचा विषाणूही त्यांनीच शोधला आणि दुसऱ्या महायुद्धात गुरांच्या बुळकांडीवर लस तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. माणसाचा गोवर हा त्याच बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद.

२ ऑक्टोबर १९६६ रोजी शोप निवर्तले. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा त्या विषाणूच्या जनुकांचा काही भाग शोप यांना आयोवात सापडलेल्या कुळाचाच होता. त्या साथीत वृद्धांना संसर्ग तुलनेने कमी झाला. त्यांच्या रक्तात जुन्या विषाणूंची ओळख शिल्लक होती.