व्रोन्स्की : एका निश्चयकामुळे उरलेले नाव

योझेफ मारिया होएने-व्रोन्स्की यांचा जन्म १७७६ साली पोलंडमधील वोल्श्टिन गावी झाला. मायभूमीची फाळणी चालू असण्याचा तो काळ. १७९४ च्या उठावात ते तोफखान्यात लढले व रशियनांच्या हाती बंदी झाले. पुढे काही वर्षे रशियन सैन्यात काढून आणि जर्मनीत तत्त्वज्ञान अभ्यासून ते फ्रान्समधील मार्से येथे आले. १८०३ साली आपणांस अंतिम सत्य गवसले, अशी त्यांची दृढ धारणा झाली.

१८१० साली ते पॅरिसला गेले. थोर गणितज्ञ लाग्रांज यांच्या सिद्धांताचे खंडन करणारा ग्रंथ त्यांनी १८१२ साली प्रसिद्ध केला. परंतु लेखन दुर्बोध, दावे अफाट आणि स्वभाव कलहप्रिय. विद्वानांनी पाठ फिरवली. रेखांश-शोधाच्या पारितोषिकाच्या आशेने ते लंडनला गेले. तेथेही निराशाच पदरी पडली. १८५३ साली पॅरिसजवळ दारिद्र्यात त्यांचे निधन झाले.

मात्र १८१२ च्या लेखनातील एक छोटे साधन टिकले. त्याचा उपयोग दूर शोधावयास नको. रिछाईच्या कारखान्यांत स्प्रिंगवर बसविलेले यंत्र कंप पावते. घर्षण वगळले, तर ते कंपन दुसऱ्या क्रमाच्या रेषीय अवकल समीकरणाने मांडता येते. त्याची दोन स्वतंत्र उत्तरे सापडली, की उरलेली सर्व त्यांच्यापासून तयार होतात. सोयीचे एकक घेतल्यास साइन व कोसाइन ही ती दोन उत्तरे. ती स्वतंत्र आहेत काय? वरच्या ओळीत दोन्ही उत्तरे, खालच्या ओळीत त्यांचे अवकलज लिहून निश्चयक काढावा. तो सर्वत्र उणे एक येतो, शून्य कधीच नाही. म्हणून उत्तरे स्वतंत्र. साइन व त्याची दुप्पट घेतली, तर निश्चयक शून्य येतो. तेथे दुसरे उत्तर नवे नसतेच.

या निश्चयकाला व्रोन्स्कींचे नाव १८८२ साली टॉमस म्यूर यांनी दिले. १८८९ साली पेआनो यांनी त्याची मर्यादाही दाखविली : कोणतीही दोन फलने घेतली, तर निश्चयक सर्वत्र शून्य असूनही ती स्वतंत्र असू शकतात. संतत सहगुणकांच्या एकाच रेषीय समीकरणाच्या उत्तरांना मात्र ही कसोटी पूर्णपणे लागू पडते.

व्रोन्स्कींचे अंतिम सत्य विस्मृतीत गेले. मिळालेली दोन उत्तरे खरोखर दोन आहेत की एकाचीच दोन रूपे, हे तपासण्याची त्यांची रीत मात्र आजही महाविद्यालयाच्या फळ्यावर लिहिली जाते.