मेकॅनिक ज्याला 'सेल्फ' म्हणतात, तो गाडीला बसवला कुणी?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचं गाव आहे. हट्ट्याच्या असो की दुसऱ्या कुठल्या गावच्या, गॅरेजमध्ये इंजिनचं काम करून घेतलेल्या माणसाला एक क्षण ठाऊक असतो. बोअर झाला, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, हजारो रुपये गेले. इंजिन गाडीत चढलं. आता चावी फिरवायची. आणि येतो फक्त 'टक' असा आवाज. इंजिन फिरतच नाही.

मग मेकॅनिक म्हणतो, सेल्फ उचलत नाही.

हा 'सेल्फ' शब्द मजेशीर आहे. इंग्रजीत तो मुळात सेल्फ-स्टार्टर. आपल्याकडे स्टार्टर गळाला आणि सेल्फ उरला. पण गाडी आपली आपण सुरू होते, हीच एकेकाळी मोठी बातमी होती. ती घडवणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स केटरिंग.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावरचा. पोरगं हुशार, पण डोळे अधू. वाचलं की डोकं ठणकायचं. आधी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग इंजिनिअरिंगला गेला, तर डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण सोडावं लागलं. मधल्या काळात तो टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला होता. तिथे विजेशी गट्टी जमली. शेवटी १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविशीत, पदवी हातात आली.

पहिली मोठी नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला तेव्हा हातानं दांडा फिरवावा लागे. केटरिंगनं तिथे छोटी मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालायची नव्हती. क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

तेव्हाच्या मोटारी हॅन्डल मारून सुरू व्हायच्या. विहिरीवरच्या डिझेल इंजिनला हॅन्डल मारलेल्या कुणालाही त्यातली भीती सांगायला नको. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटं झटका देतं. हॅन्डल मनगट मोडतं, कधी जबडा फोडतं. कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याचा मित्र बायरन कार्टर असाच झटका लागून गेला आणि त्यामुळे लेलँडनं हॅन्डल हद्दपार करायचं ठरवलं, असा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. किस्सा भारी आहे, पण गोम अशी की कार्टर १९०८ मध्ये वारला आणि किश्श्यात हा अपघात १९१० च्या हिवाळ्यात होतो. त्यामुळे तो जपूनच ऐकावा.

तोवर केटरिंगनं एडवर्ड डीड्स या सहकाऱ्यासोबत डेल्को ही कंपनी काढली होती. कामाची जागा म्हणजे डीड्सच्या घरामागची कोठी. तिथे तयार झालेली इग्निशनची यंत्रणा कॅडिलॅकनं आधीच विकत घेतली होती. आता लेलँडला स्टार्टर हवा होता.

जाणकारांचं म्हणणं होतं की हे जमणार नाही. इंजिन फिरवेल अशी मोटर इंजिनएवढीच अवजड होईल. हिशोब चूक नव्हता, पण तो दिवसभर चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगला गल्ला आठवला. मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर तिला तिच्या ताकदीच्या कितीतरी पट वीज पाजता येते. ती तापायच्या आत इंजिन सुरू झालेलं असतं. वर त्यानं अशी सोय केली की इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करेल आणि दिवेही त्याच विजेवर लागतील. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकवर हे चालवून दाखवलं आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये ते विक्रीला आलं. हॅन्डल नको म्हणून विजेवरची गाडी घेणारे लोक मग पेट्रोलकडे वळले. त्या काळच्या इलेक्ट्रिक गाड्या मागे पडण्याचं हे एक मोठं कारण.

आता पुन्हा गॅरेजमध्ये येऊ. आज स्टार्टर आणि अल्टरनेटर वेगळे असतात, पण केटरिंगचं तत्त्व तेच आहे: थोडा वेळ, प्रचंड करंट. कारचा सेल्फ शंभरच्या वर अँपिअर सहज ओढतो, हेडलाइटला दहाच्या आसपास पुरतात. म्हणून दिवे लख्ख लागले म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा समज फसवा. शिवाय सेल्फ इंजिनला बसवलेला असतो, त्यामुळे त्याचा करंट इंजिनच्या अंगातून अर्थिंगच्या पट्टीवाटे बॅटरीकडे परततो. इंजिन उतरवताना ही पट्टी सोडतात, आणि चढवताना ती राहून जाते किंवा रंगावर कसली जाते. मग दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि सेल्फ नुसता टक करतो. गाडी न्यूट्रलला ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या कोऱ्या धातूला जाड जंपर केबल लावून पाहिली की दोष कळतो.

त्यानंही फिरलं नाही तर बॅटरीची केबल काढायची, प्लग काढायचे आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघायचं. फिरलं तर दोष बॅटरी, वायरिंग किंवा सेल्फमध्ये. नव्या रिंगांमुळे थोडं जड जाणं चालतं, पण अडकलं तर बेअरिंगची कॅप उलटी बसलीय का, सिलिंडरमध्ये पाणी किंवा ऑइल साचलंय का, हे पाहावं लागतं. अशा वेळी सेल्फ मारत राहिलात, तर केलेलं काम पुन्हा करावं लागेल.

केटरिंगच्या आयुष्यात मात्र सगळंच सुरळीत फिरलं नाही. १९२० पासून तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. पाण्याऐवजी हवेनं गार होणारं तांब्याच्या पात्यांचं इंजिन त्यानं आणलं. १९२३ मध्ये त्या शेवरले गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या.

ते अपयश फक्त पैशांचं होतं. त्याआधी, १९२१ मध्ये, त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीनं इंजिनची ठोकर थांबवणारं रसायन शोधलं. त्यात शिसं होतं. शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं, पण विकताना नाव ठेवलं 'इथिल', म्हणजे शिशाचा उल्लेखच नको. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. इथिल कंपनीचा अध्यक्ष तेव्हा केटरिंगच होता. विक्री काही काळ थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

१९४५ मध्ये त्याच्या आणि आल्फ्रेड स्लोनच्या नावानं न्यू यॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली. ती आजही जगातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये केटरिंगचं निधन झालं. शिशाचं पेट्रोल त्यानंतरही चालूच राहिलं. भारतात ते २००० मध्ये बंद झालं आणि सगळ्यात शेवटी अल्जेरियात, २०२१ मध्ये.