लुई कान : उजेडाचा वास्तुविशारद



अहमदाबादच्या आयआयएमचे फोटो तुम्ही पाहिले असतील. विटांच्या उंच भिंती आणि त्यांत मोठाल्या गोल खिडक्या. ही इमारत लुई कान यांची. आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊया.

लुई यांचा जन्म १९०१ साली, आजच्या एस्टोनिया देशात झाला. तीनेक वर्षांचे असताना त्यांना निखाऱ्यांचा उजेड इतका आवडला, की त्यांनी ते उचलून कपड्यातच घेतले. चेहरा आणि हात भाजले, व्रण कायमचे राहिले. पण उजेडाची ओढ काही गेली नाही.

१९०६ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले. घरची गरिबी होती. पेन्सिलीला पैसे नसत, म्हणून लुई जळक्या काड्यांनी चित्रं काढत. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून घराला हातभार लावत. १९२४ साली ते पदवीधर झाले, तरी खरं नाव व्हायला पन्नाशी उजाडली.

पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये त्यांना अहमदाबादच्या कामासाठी बोलावलं. ढाक्याचं संसद भवनही कान यांचंच. १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. मागे राहिलं मोठं कर्ज, आणि अनेक न बांधलेल्या इमारतींचे आराखडे.

त्यातलाच एक जेरुसलेमच्या हुर्वा सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा. पेनसिल्व्हेनिया राज्याने कान यांची रेखाटनं विकत घेऊन जपली, म्हणून पुढचं काम झालं. वास्तुविशारद केंट लार्सन यांनी त्यांवरून हे सिनेगॉग कॉम्प्युटरवर उभं केलं. काँक्रीट कसं दिसावं यासाठी कान यांच्या बांधलेल्या इमारतींचा आधार घेतला. ऊन कुठून आत येईल, भिंतीवर कसं पसरेल, हे कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. २००० साली ही चित्रं पुस्तकात आली. पाहताना फोटोच वाटतात, पण त्या इमारतीची एक वीटही कधी रचली गेली नव्हती!

आता मुलं विचारतात, कॉम्प्युटर चित्र काढतो, मग आम्ही कशाला काढायचं? त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. कॉम्प्युटरने ऊन दाखवलं खरं, पण ते कोणत्या फटीतून आत घ्यायचं हे कान यांनी हाताने रेखाटून आधीच ठरवलं होतं. तो कागद नसता, तर यंत्राने काय दाखवलं असतं?

एक उपक्रम करून पाहा. मुलांना वर्गाचं किंवा घरातल्या खोलीचं चित्र दोनदा काढायला सांगा, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. ऊन कुठे पडलंय, सावली कुठे सरकलीय, एवढंच बघायला सांगा. आणि ते कागद फेकू नका, तारीख घालून जपून ठेवा.