सुगरणीच्या खोप्याने घडवलेला माणूस : डॉ. सलीम अली

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस, १२ नोव्हेंबर, हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण हा माणूस घडला कसा हे आपल्या अमरावती-अकोल्याच्या पोरांना फारसं माहीत नाही.

१८९६ साली मुंबईत सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी भावंडांना वाढवलं. तबेल्यातल्या भिंतीच्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं. सलीमने छर्‍याच्या बंदुकीने बाहेर बसलेला नर मारला, तर मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. असं होत गेलं आणि पोराने ते लिहून ठेवलं. पक्ष्यांवरची ही त्यांची सगळ्यात जुनी नोंद.

मग एक दिवस गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी हाती आली. ही खाणं आपल्याला जायज आहे का, असा प्रश्न पडला. मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पोराची जिंदगीच बदलली.

पण वाट सरळ नव्हती. बर्मात धंदा केला, तो चालला नाही. मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. तिथून बर्लिनला जाऊन शिकून आले, तर १९३० साली पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! तेव्हा बेगम तहमीना यांच्यासोबत ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींचे खोपे लटकत होते. पावसाळाभर ते बघत बसले. त्यातून कळलं की खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसरीसाठी नवा विणायला घेतो. बेकारीच्या दिवसांतल्या या कामाने त्यांचं नाव झालं.

१९३९ साली तहमीना वारल्या. हा घाव मोठा होता, तरी काम थांबलं नाही. १९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, पुढे रिप्ले यांच्यासोबत दहा खंड. १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा, आणि १९८७ मध्ये इंतकाल. त्यांच्या हयातीत रानपिंगळा नामशेष मानला जात होता. १९९७ ला तो शहादा भागात दिसला, नंतर आपल्या मेळघाटातही.

आज बंदुकीची गरज नाही, हातात मोबाईल आहे. विहिरीवरच्या बाभळीला खोपे असतात, अंगणातल्या वेलीवर शिंजीर घरटं बांधतो. फोटो जरूर काढा, पण लांबून. फांदी वाकवू नका, फ्लॅश मारू नका, पिल्लं असतील तर दोन मिनिटांत मागे सरका. पालकांचं येणं-जाणं थांबलं की पिल्लं उपाशी राहतात. आणि तारीख, वेळ, झाड वहीत लिहा. सलीम अलींची सुरुवातही अशाच एका नोंदीने झाली होती.