फ्रिट्यॉफ नान्सेन : हिमसागराचा प्रवासी

पृथ्वीच्या उत्तर टोकाभोंवतीं एक भयाण समुद्र पसरला आहे. तेथें हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्याचें दर्शन होत नाहीं, आणि बर्फाचे प्रचंड थर एकमेकांवर आदळून मेघगर्जनेसारखा आवाज करितात. ह्या बर्फाच्या चिमट्यांत सांपडून किती तरी जहाजें चिरडलीं गेलीं. १८४५ सालीं इंग्लंडहून निघालेले सर जॉन फ्रँकलिन व त्यांचे १२८ सोबती यांपैकीं एकहि परत आला नाहीं. अशा समुद्रांत स्वतःसह तेरा माणसें नेऊन, तीन वर्षांनंतर तीं तेराहि सुखरूप परत आलेलीं पाहण्याचें भाग्य ज्यास लाभलें, त्या थोर पुरुषाचें हें चरित्र आहे.

फ्रिट्यॉफ नान्सेन याचा जन्म नॉर्वेच्या राजधानीजवळ ता. १० ऑक्टोबर १८६१ रोजीं झाला. वडील वकील होते व शिस्तीचे भोक्ते होते. पायांस लांकडी फळ्या बांधून बर्फावरून धांवण्यांत मुलगा लहानपणींच तरबेज झाला. १८८२ सालीं सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावर त्यानें हिमसागर प्रथम पाहिला. पुढें बर्गेन येथील पदार्थसंग्रहालयांत राहून सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्यानें त्यानें प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला.

१८८८ सालीं ग्रीनलंडचें हिमाच्छादित पठार ओलांडण्याचा त्यानें संकल्प केला. पूर्वींचे प्रवासी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत, आणि संकट ओढवलें कीं माघारी येत. नान्सेन पांच सोबत्यांसह निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावरून निघाला. मागें आश्रयच नसल्यामुळें पुढें जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें! तो बेत सिद्धीस गेला. शेवटचें जहाज निघून गेल्यामुळें तो हिवाळा त्यानें तेथील मूळच्या रहिवाशांत घालविला आणि त्यांच्यापासून होडी वल्हविण्याची व थंडींत निभाव लावण्याची विद्या नम्रपणें शिकून घेतली.

ह्यानंतर त्याच्या मनानें एक विलक्षण कल्पना घेतली. ‘जीनेट’ नांवाचें अमेरिकन जहाज १८८१ सालीं सैबीरियाच्या उत्तरेस बर्फांत चिरडून बुडालें होतें. त्यावरील कांहीं वस्तु तीन वर्षांनीं ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागल्या. त्या अर्थीं बर्फ स्थिर नसून तो ह्या समुद्रावरून वाहत जात असला पाहिजे, असें नान्सेननें ताडलें. मग बर्फाशीं झुंजावें कशास? जहाज मुद्दाम त्यांत गोठवून घ्यावें, म्हणजे तोच तें वाहून नेईल. नामांकित प्रवाशांनीं ही कल्पना वेडेपणाची ठरविली. परंतु नॉर्वेच्या लोकसभेनें द्रव्यसाहाय्य दिलें. कॉलिन आर्चर ह्या कसबी कारागिरानें ‘फ्राम’, म्हणजे ‘पुढें’, ह्या नांवाचें जहाज बांधलें. त्याचा तळ नारळाच्या अर्ध्या कवटीसारखा गोल होता. त्यामुळें बर्फानें दाबलें तरी जहाज चिरडून न जातां वर उचललें जाई.

१८९३ च्या जून महिन्यांत फ्राम निघालें व सप्टेंबरांत बर्फांत गोठलें. समुद्राची खोली मोजतां ती दोन मैलांच्या आसपास भरली; तो उथळ आहे हा जुना समज खोटा ठरला. परंतु बर्फ जहाजास ध्रुवापर्यंत नेणार नाहीं असें दिसून आलें. तेव्हां ता. १४ मार्च १८९५ रोजीं नान्सेन व योहान्सेन हे २८ कुत्रे घेऊन पायीं निघाले. वाहतें जहाज पुन्हां सांपडणें शक्यच नव्हतें. एप्रिलांत ते ८६ अंश १४ कलांवर पोहोंचले. तेथवर पूर्वीं कोणीहि गेलें नव्हतें. ध्रुव सुमारें २६० मैल राहिला होता. पण बर्फाच्या उंचवट्यांतून वाट निघेना आणि अन्न तर मोजकेंच होतें. ज्यानें ग्रीनलंडांत परतीची वाट आपण होऊन सोडिली, तोच येथें कीर्तीकडे पाठ फिरवून माघारी वळला, कारण हातीं सोबत्याचाहि प्राण होता.

परतीचा मार्ग अतिशय कष्टाचा होता. एकेक कुत्रा मारून इतरांस खाऊं घालावा लागला. शेवटच्या दोघांस होडींतून नेतां येईना, तेव्हां प्रत्येकानें दुसऱ्याचा कुत्रा मारिला. आपल्या कुत्र्यावर बंदूक उचलण्यास कोणाचाच हात धजेना. फ्रान्झ जोझेफ द्वीपसमूहांत दगडांची झोंपडी रचून व तिजवर वालरसाचें कातडें घालून, अस्वलाच्या मांसावर त्यांनीं हिवाळा काढिला. पुढें एकदां होड्या सर्व सामानासह वाहून चालल्या, तेव्हां नान्सेननें गोठविणाऱ्या पाण्यांत उडी टाकून त्या परत आणिल्या. जून १८९६ मध्यें जॅक्सन नांवाचा इंग्रज प्रवासी अकस्मात् भेटला. ऑगस्टांत नान्सेन स्वदेशीं पोहोंचला, आणि आठवड्याभरांत फ्रामहि सर्व खलाशांसह परतलें.

महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीनें त्यानें चार लक्षांहून अधिक युद्धकैद्यांस घरीं पोहोंचविलें, रशियांतील दुष्काळपीडितांसाठीं देशोदेशीं मदत मागितली, आणि देश गमावलेल्या निर्वासितांसाठीं ‘नान्सेन परवाना’ सुरू करविला. १९२२ सालीं त्यास शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें द्रव्यहि त्यानें परोपकारासच लाविलें. ता. १३ मे १९३० रोजीं त्यानें देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, नान्सेनला ध्रुव गांठतां आला नाहीं. तरीहि बर्फांतून आपली माणसें सुखरूप परत आणणारा तो पुरुष पुढें लक्षावधि परक्या माणसांस घरीं पोहोंचविता झाला. धैर्य म्हणजे केवळ पुढें धांवणें नव्हे. कोणासाठीं मागें वळावें हें ओळखणेंहि धैर्यच होय.