शक्यतेचे गणित मांडणारा प्राध्यापक : आर्पाद एलो

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेपर्यंत चढले की छातीशी आले, यावरून पुराचा अंदाज बांधला जातो. सरकारी आकडा हाती येण्यापूर्वीच ही खूण गावभर होते. ही मोजणी विश्वासार्ह ठरते, कारण नदी हलत असली तरी मारुती जागचा हलत नाही. मात्र मोजायची वस्तूही हलती आणि मोजपट्टीही हलती असेल, तर काय करायचे? खेळाडूंची ताकद मोजू पाहणाऱ्यासमोर नेमका हाच पेच असतो. तो सोडविण्यासाठी अमेरिकेतील एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांचे नाव आर्पाद एलो.

हे नाव नाशिकला अपरिचित नाही. याच शहरातला, १९९४ मध्ये जन्मलेला विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि पुढे २७०० एलो गुणांचा टप्पा ओलांडणारा चौथा भारतीय बुद्धिबळपटू ठरला. त्यानंतर बुद्धिबळाचा पट मांडणाऱ्या घराघरांत ‘एलो किती झाले?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागला. मात्र एलो हे कशाचे संक्षिप्त रूप नसून एका हाडामांसाच्या माणसाचे आडनाव आहे, हे तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते. बुद्धिबळासाठी बेतलेले त्यांचे गणित आज अमेरिकी फुटबॉलमध्ये दर आठवड्याला कोण जिंकणार, याचा अंदाज बांधण्यासाठी वापरले जाते, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असेल.

एलो यांचा जन्म २५ ऑगस्ट १९०३ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील एका खेड्यात झाला. १९१३ मध्ये आई-वडिलांबरोबर ते अमेरिकेत आले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात, मार्क्वेट विद्यापीठात प्राध्यापकी केली. मिलवॉकी हे त्या काळी अमेरिकेतील बुद्धिबळाचे महत्त्वाचे केंद्र होते. १९३० च्या दशकात एलो त्या शहरातील सर्वांत बलवान खेळाडू मानले जात. विस्कॉन्सिनचे राज्य अजिंक्यपद त्यांनी एकूण आठ वेळा पटकावले. जगज्जेतेपदाच्या वाटेवरचे ते खेळाडू नव्हते. पण पटावरील हार-जीत त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः अनुभवली होती. प्रयोगशाळेतील मोजमापाची शिस्त आणि स्पर्धेतील अनुभव अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणे, हा योग पुढे फार मोलाचा ठरला.

१९३९ मध्ये अमेरिकी बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या उभारणीत एलो यांचा सहभाग होता. खेळाडूंची क्रमवारी ठरविण्यासाठी महासंघाने १९५० मध्ये केनेथ हार्कनेस यांची पद्धत स्वीकारली. स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची सरासरी काढायची आणि खेळाडूने निम्म्याहून अधिक वा कमी यश मिळविले, त्या प्रमाणात तीत भर घालायची किंवा वजाबाकी करायची, असा तो सरळ हिशेब होता. तो समजायला सोपा होता, पण त्याचे निष्कर्ष काही वेळा व्यवहाराशी विसंगत ठरत. १९५९ मध्ये या पद्धतीचा फेरविचार करण्याची जबाबदारी एलो यांच्यावर सोपविण्यात आली.

एलो यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. कोणताही खेळाडू रोज सारखा खेळत नाही. एखाद्या दिवशी त्याचा खेळ बहरतो, तर एखाद्या दिवशी साधी खेळीही नजरेतून निसटते. तेव्हा ताकद म्हणजे एक ठरीव बिंदू नसून एका सरासरीभोवती झुलणारा खेळ आहे, असे त्यांनी गृहीत धरले. दोन खेळाडूंच्या सरासरीतील अंतर कळले, की त्यांच्यातील लढतींत कोणाला किती यश मिळावे हे गणिताने सांगता येते. दोघांचे गुण समान असतील तर अपेक्षा निम्मी-निम्मी. १०० गुणांचे अंतर असेल तर वरच्या खेळाडूने सुमारे ६४ टक्के यश मिळवावे. २०० चे असेल तर ७६ टक्के आणि ४०० चे असेल तर ९१ टक्के. सामन्यांच्या निकालांवरून ताकद मोजण्याचा विचार जर्मन गणिती झर्मेलो यांनी १९२९ मध्येच मांडला होता. एलो यांचे श्रेय असे, की त्यांनी हा विचार हजारो खेळाडूंना रोजच्या व्यवहारात वापरता येईल इतका सुटसुटीत केला.

या पद्धतीचा खरा प्राण तिच्या दुरुस्तीत आहे. प्रत्येक सामन्यापूर्वी ती एक अपेक्षा मांडते आणि सामना संपला की आपली चूक तपासते. समजा, दोन अनुभवी ग्रँडमास्टरांमध्ये २०० गुणांचे अंतर आहे. वरचा जिंकला तर त्याच्या खात्यात जेमतेम अडीच गुण पडतात, कारण त्याने अपेक्षित तेच केले. तो हरला तर मात्र साडेसात गुणांहून अधिक गमावतो. जे आधीच ठाऊक होते त्यातून शिकण्यासारखे थोडे असते. ज्याने चकित केले, तो निकाल बरेच शिकवून जातो. हे व्यावहारिक शहाणपण एलो यांनी एका छोट्या समीकरणात बसविले.

एवढे करूनही आपल्या साधनाच्या मर्यादांविषयी ते कमालीचे सावध होते. खेळाडूची ताकद मोजणे म्हणजे पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर डुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखे आहे, अशा आशयाची उपमा त्यांनी दिली होती. बूच हलते आहे, पाणी हलते आहे आणि पट्टीही हलते आहे. तरीही पुरेशा वेळा मोजले तर त्यातून काही उपयोगी हाती लागते, हा त्यांचा विश्वास होता.

अमेरिकी महासंघाने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये. सुरुवातीची कित्येक वर्षे फिडेच्या याद्यांचे हिशेब एलो स्वतःच करीत असत. पद्धतीची जाहीर कसोटी लवकरच लागली. १९७२ मध्ये रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा फिशरचे गुण २७८५ आणि स्पास्कीचे २६६० होते. १२५ गुणांच्या अंतरानुसार फिशरने ६७ टक्के यश मिळविणे अपेक्षित होते. दुसऱ्या डावाला तो फिरकलाच नाही. प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या २० डावांत गणिताच्या हिशेबाने त्याला सुमारे साडेतेरा गुण मिळायला हवे होते, मिळाले साडेबारा. विजेता बरोबर ओळखला गेला आणि अंदाज एका गुणाने चुकला. मनुष्यस्वभावाच्या इतक्या वादळी लढतीत ही चूक नगण्यच म्हणावी लागेल. एलो यांनी आपली सारी मांडणी १९७८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. कापाब्लांका, लास्कर यांच्यासारख्या दिवंगत खेळाडूंच्या ताकदीचे मोजमापही त्यात होते.

एलो राहत होते ते मिलवॉकी फुटबॉलवेडे शहर. १९६७ च्या जानेवारीत झालेला पहिला सुपर बोल जिंकणारा ग्रीन बे पॅकर्स हा संघ विस्कॉन्सिनचाच. आपले काही सामने तो १९९४ पर्यंत मिलवॉकीत खेळत असे. १९५२ मध्ये तर हे सामने मार्क्वेट विद्यापीठाच्या मैदानावर झाले. अमेरिकी फुटबॉलमध्ये निकालाचा अंदाज बांधणे हा मोठा लोकव्यवहार आहे. आज तेथील व्यावसायिक साखळीत ३२ संघ १८ आठवड्यांत मिळून २७२ सामने खेळतात आणि दर आठवड्याला घरोघरी, कचेऱ्यांमध्ये विजेत्यांच्या याद्या केल्या जातात. तेथील पैजांच्या बाजारात दुबळ्या संघाला आधीच काही गुण देऊन पारडी समतोल करण्याची रीत आहे. तिचे श्रेय शिकागोतील चार्ल्स मॅकनील या गणिताच्या शिक्षकाला दिले जाते. मॅकनील यांची रीत बाजाराच्या सोयीची होती. एलो यांची मांडणी ज्ञानाच्या सोयीची होती आणि ती फुटबॉलपर्यंत पोहोचली ती त्यांच्या निधनानंतर.

अमेरिकेतील फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने २०१४ मध्ये प्रत्येक फुटबॉल संघाला एलो गुण देण्यास प्रारंभ केला. सुरुवातीच्या हिशेबात सामना स्वतःच्या मैदानावर असेल तर त्या संघाला ६५ गुण अधिक धरले जात. म्हणजे दोन तुल्यबळ संघांतील यजमानाची जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के होई. विजय किती फरकाने मिळाला, हेही पाहिले जाई. नवा हंगाम सुरू होताना प्रत्येक संघाचे गुण सरासरीच्या दिशेने एक तृतीयांश मागे खेचले जात, कारण खेळाडू बदलतात आणि गतवर्षीची पुण्याई पुरी पडत नाही. हे संकेतस्थळ २०२५ मध्ये बंद झाले; पद्धत मात्र टिकून आहे. फिफानेही २०१८ पासून पुरुषांच्या जागतिक क्रमवारीसाठी एलो यांच्याच धर्तीचा हिशेब स्वीकारला.

बुद्धिबळाच्या तुलनेत फुटबॉलचे भाकीत अवघड असते. व्यावसायिक बुद्धिबळपटू वर्षभरात कित्येक डाव खेळतो, तर फुटबॉल संघाच्या वाट्याला नियमित हंगामात अवघे १७ सामने येतात. एक दुखापत, हातून निसटलेला एक लंबगोल चेंडू निकाल फिरवू शकतो. १९६९ च्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोर कोल्ट्स १८ गुणांनी जिंकतील, असा बाजाराचा होरा होता. न्यूयॉर्क जेट्सनी त्यांना १६-७ असे हरविले. २००८ मध्ये सलग १८ सामने जिंकलेला न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा संघ अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून १४-१७ असा पराभूत झाला. अशा वेळी गणित खोटे पडले, अशी ओरड होते. वास्तविक दहात नऊ वेळा जिंकेल असे ज्याच्याविषयी सांगितले, तो दहातून एकदा हरलाच पाहिजे. कधीच हरला नाही तर अंदाजच चुकीचा ठरेल. भाकिताची पारख एका निकालावरून होत नाही. ज्या ज्या सामन्यांत ७० टक्के शक्यता सांगितली, त्यांपैकी खरोखर ७० टक्क्यांच्या आसपास सामने तसे लागले का, हे पाहावे लागते. पैज लावणाऱ्याला एवढा धीर नसतो. त्याला याच रविवारचे उत्तर हवे असते. त्याचे खिसे रिकामे होतात ते बहुतेकदा या उतावळेपणापायी.

पैशाची पैज न लावणारेही याच भ्रमात सापडतात. बुद्धिबळ स्पर्धांच्या मंडपाबाहेर ताटकळणारे पालक डाव कसा झाला हे विचारण्याआधी किती गुण गेले हे विचारतात, तेव्हा मोजपट्टीचे रूपांतर प्रगतिपुस्तकात झालेले असते. गुण हे मोजण्याचे साधन आहे, बक्षीस किंवा शिक्षा नव्हे, अशीच एलो यांची भूमिका होती. कालपर्यंतच्या खेळाचा तो सारांश असतो. उद्याच्या खेळावर त्याचा अधिकार शक्यतेपुरताच चालतो.

नाशिकच्या विदितने हे २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत दाखवून दिले. पहिल्याच फेरीत पराभूत झाल्यावर उरलेल्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण मिळविले आणि स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी टोरांटोतील कँडिडेट्स स्पर्धेत क्रमवारीत आपल्याहून वर असलेल्या हिकारू नाकामुराला त्याने दोन्ही डावांत हरविले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमी येथील महिला विश्वचषकात उतरली, तेव्हा मानांकनात पंधरावी होती. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला नमवून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती विजेती ठरली. या निकालांनी एलो यांचे गणित मोडले नाही. त्याने कमी शक्यतेसाठी जी जागा राखून ठेवली होती, त्याच जागेतून हे विजय आले.

५ नोव्हेंबर १९९२ रोजी विस्कॉन्सिनमधील ब्रूकफील्ड येथे, वयाच्या ८९ व्या वर्षी एलो यांचे निधन झाले. जगभरातील खेळाडूंच्या नावापुढे आज त्यांचे आडनाव लागते आणि दर महिन्याला फिडेची नवी यादी येते, तेव्हा आधीच्या यादीतील चुका थोड्या दुरुस्त झालेल्या असतात. भविष्य सांगणाऱ्यांना जगात कधीच तोटा नव्हता. आपण किती चुकू शकतो हे आधी सांगणारा आणि चुकल्यावर हिशेब दुरुस्त करणारा माणूस मात्र विरळा. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले हे पाहून नाशिककर रात्रीची तयारी करतात, पण सकाळी पुन्हा पाहायला जातातच. एलो यांची शिकवण त्याहून फारशी वेगळी नाही.